पोटाचें दुखणें आणि मनाचा अभिमान

‘दुर्बिणीनें पाहिलें, कांहीं निघालें नाहीं,’ हें ऐकून रोग्यास आनंद व्हावा. पण पुष्कळांस विषादच होतो. चार घांस घेतांच पोट गच्च होणें, जेवणानंतर जडपणा राहणें, बेंबीच्या वर दुखणें किंवा जळजळणें, हीं लक्षणें महिनोन्‌महिने टिकतात आणि जठरांत व्रण मात्र सांपडत नाहीं. अशा अग्निमांद्यांत दोष इंद्रियाच्या रचनेंत दिसत नाहीं; तो क्रियेंत असतो.

उपचारांचा क्रम आतां बराच निश्चित झाला आहे. प्रथम हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची परीक्षा करावी. त्याच्या शोधाबद्दल मार्शल व वॉरन यांस २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. जंतु आढळल्यास सुमारें १४ दिवस प्रतिजैविकें घ्यावीं लागतात. तेवढ्यानें कांहींजणांचें दुखणें जातें. न गेल्यास, अथवा जंतु नसल्यास, ओमेप्राझोलसारखें आम्ल रोखणारें औषध न्याहारीपूर्वीं अर्धा तास, ४ ते ८ आठवडे घेऊन पाहावें. गुण न आल्यास डॉक्टरांस विचारून थांबवावें. आमच्या घरांतून मात्र ही गोळी चहासारखी वर्षानुवर्षें चालू असते! जडपणावर इटोप्राइड, डोंपेरिडोन इत्यादि जठराची गति सुधारणारीं औषधें देतात. परंतु डोंपेरिडोननें हृदयाची लय बिघडण्याचा धोका वृद्धांस अधिक असतो, आणि लेव्होसल्पिराइडनें हातांस कंप सुटूं शकतो. म्हणून तीं दुकानदाराच्या सल्ल्यानें घेऊं नयेत.

एवढ्यानेंही न भागल्यास अमिट्रिप्टिलिन अल्प मात्रेंत, बहुधा १० मिलिग्रॅमपासून, रात्रीं देतात. ही उदासीनतेवरील गोळी, असें कळतांच आम्ही संतापलों. ‘आम्हांस काय वेड लागलें आहे?’ असें म्हणून आम्हीं तें पाकीट दोन महिने फडताळांत पडूं दिलें. पुढें डॉक्टरांनीं समजाविलें कीं, एवढ्या अल्प मात्रेचा हेतु जठराकडून मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेचा जोर कमी करणें हा असतो. मग आम्हीं ती घेतली. तोंडास कोरड पडली, सकाळीं गुंगी आली. पण दीड महिन्यांत पानावरून पोट धरून उठणें थांबलें. काचबिंदु, लघवीचा अडथळा किंवा हृदयविकार असणारांनीं तें डॉक्टरांस अगोदर सांगावें.

वजन घटणें, काळे शौचास होणें, गिळतांना अडणें, वारंवार वांती किंवा पंडुरोग असल्यास, तसेंच साठीनंतर हें दुखणें नव्यानें उद्भवल्यास, आधीं दुर्बिणीची तपासणी करावी. गोळ्यांचा विचार मागाहून. आमचे ते दोन महिने रोगानें नव्हे, अभिमानानें वाढविले. वाचकांनीं तरी तसें करूं नये.