लाड न सोसणारं झाड

बालमित्रांनो, एखादं रोप सुकलं की आपण लगेच म्हणतो, "कुणी पाणीच घातलं नसेल!" पण आज ज्याची ओळख करून देणार आहे, ते रोप बहुधा मरतं ते जास्त पाणी घातल्यामुळे. आहे की नाही गंमत?

त्याचं नाव सेम्परव्हायव्हम. लॅटिन भाषेत याचा अर्थ 'सदा जिवंत'. युरोपातल्या आल्प्स पर्वतात, उंचावर, खडकाच्या फटीत ते वाढतं. तिथं माती चिमूटभर, ऊन लख्ख, वारा बोचरा आणि हिवाळ्यात अंगावर बर्फ! म्हणून ते जमिनीला चिकटून बसतं. जाडजूड पानं कमळासारखी एकमेकांना बिलगलेली. पाण्याचा साठा त्या पानांतच.

इ. स. 800 च्या सुमारास सम्राट शार्लमेनच्या काळात एक फर्मान निघालं. शाही माळ्यानं आपल्या घराच्या छपरावर हे रोप लावावं, असं त्यात लिहिलं आहे. त्यामुळे घरावर वीज पडत नाही, अशी लोकांची समजूत होती. समजूत खोटी, पण छपरावर ते जगायचं, हे मात्र खरं.

तिकडे बागेत ते कसं लावतात? तळाला भोक असलेली पसरट कुंडी घ्यायची. निम्मी माती, निम्मी बारीक खडी. जागा भरपूर उन्हाची. माती सुकल्यावरच पाणी, आणि खताचा मारा अजिबात नको. थंडीला ते भीत नाही. मुळाशी पाणी साचलं की मात्र कुजतं. सावलीत ठेवलं तर पानं फाकतात, रंग फिका पडतो.

काही वर्षांनी मधून दांडा निघून फुलं येतात आणि फुललेला गुच्छ मरून जातो. पण त्याआधीच भोवती त्याची पिल्लं रुजलेली असतात. 'सदा जिवंत' ते असं!

आपल्याकडच्या उकाड्यापावसात ते टिकणं कठीण. पण त्याच्याच कुळातली पानफुटी आपल्या ओळखीची आहे. ती रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेते आणि आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा छिद्रं बंद, म्हणजे पाण्याची बचत! तिचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं, हे भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1815 साली प्रसिद्ध केलं. तुम्ही मात्र चाखून पाहू नका हं, ते पान पोटात जाणं चांगलं नाही.

त्यापेक्षा पानफुटीच्या दोन कुंड्या करा. एकीला रोज पाणी, दुसरीला माती सुकल्यावर. महिनाभर वहीत नोंद ठेवा. आईबाबांनो, दुसऱ्या कुंडीची दया येऊन गुपचूप पाणी घालायचं नाही बरं का! तिला काय हवं, ते मुलांना तिच्याकडूनच कळू द्या.