‘सगळं धरून’ पॅकेजमध्ये राखण कुठे आहे?

दिवाळीत कारखान्यांना सुटी लागली, किंवा मे महिन्यात शाळा बंद झाल्या, की शेंद्रा एमआयडीसी परिसरातून गाड्या समुद्राकडे निघतात. अलिबाग, गणपतीपुळे, तारकर्ली, गोवा. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण झाला आणि किनारा आणखी जवळ आला. बुकिंगही आता अनेकदा ‘सगळं धरून’ असतं: नाश्ता, दोन्ही वेळचं जेवण, स्विमिंग पूल, रेन डान्स, काही ठिकाणी मद्यसुद्धा. एकदा पैसे भरले की पुन्हा खिशात हात घालायला नको. ‘क्लब मेड’ने १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर रुजवलेली ही पद्धत पुढे कॅरिबियन बेटांवर फोफावली आणि आता आपल्याकडेही आली आहे.

वर्षभर शिफ्टमध्ये राबणाऱ्या माणसाला अशी सुटी मिळायलाच हवी. तिच्याबद्दल तक्रार नाही. अडचण वेगळी आहे. सगळ्याचे पैसे भरले म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचेही भरले, असं आपण मनातल्या मनात धरून चालतो. प्रत्यक्षात पॅकेजच्या यादीत पनीर टिक्क्याचा उल्लेख असतो, जीवरक्षकाचा बहुधा नसतो.

मराठवाड्यातल्या माणसाची पाण्याशी ओळख विहिरीची, कालव्याची, फार तर नाथसागराची. कमरेला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्याला वाटतं, आपल्याला पोहता येतं. पण विहिरीचं पाणी जागेवर असतं आणि चार हात मारले की कठडा हाताला लागतो. समुद्र माणसाला ओढून नेतो. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचं पाणी परत जाताना एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून वेगाने आत सरकतं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून तीच जागा शांत दिसते आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. अशा ओढीविरुद्ध किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न केला, तर पट्टीचा पोहणाराही दमतो. अडकलात तर घाबरू नका, तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडा.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून आलेल्या सहलीतले आठ जण गेले. हळहळ झाली, फलक लागले, आणि पुढच्या हंगामात तेच सुरू झालं. देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. इतके बळी घेणाऱ्या एखाद्या आजाराबद्दल आपण एवढे निवांत राहिलो असतो का?

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. श्वास घेण्याच्या धडपडीत त्याला आवाजच काढता येत नाही. लहान मूल तर मिनिटभरात, दहा माणसं आजूबाजूला असताना, गुपचूप पाण्याखाली जातं. सर्वाधिक धोका पाच वर्षांखालच्या मुलांना असतो, आणि त्यांच्यासाठी कंबरभर पाण्याचा पूलही खोलच.

म्हणून शेताची करतो तशी पाण्याचीही राखण करा. मुलं पाण्यात असेपर्यंत एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडे पाहायचं. मोबाइल नाही, गप्पा नाहीत, आणि दारू तर मुळीच नाही. दर वीस मिनिटांनी माणूस बदला. दारू प्यायलेल्याने स्वतःही पाण्यात उतरू नये. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमले आहेत. तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, लाल झेंडा असेल तर नाहीच. कोकणात झेंडा नसेल तर स्थानिक कोळ्यांना विचारा, आणि ते नको म्हणाले की वाद घालू नका.

कोणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. अशाने एकाचे दोन होतात. दोरी, ओढणी, रिकामा कॅन फेका. बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं धरणं, गरगर फिरवणं, मिठात ठेवणं हे सगळं व्यर्थ आहे. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबा: तीस वेळा दाब, दोन श्वास, पुन्हा तेच. बुडालेल्याला प्राणवायूची कमतरता असते, म्हणून नुसतं छाती दाबणं पुरत नाही. दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच. फुप्फुसाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.

मात्र सगळा भार आईबापांवर टाकून चालणार नाही. पूल आहे तिथे प्रशिक्षित जीवरक्षक हवा, आणि पूल उघडा असेल तेवढा वेळ तो हजर हवा. शासनाने ही अट घालून ती तपासावीही. तोपर्यंत गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात बरंच आहे. शेंद्र्यातल्या कंपन्या कामगारांच्या कौटुंबिक सहलींसाठी एका वेळी चाळीस-पन्नास खोल्या घेतात तेव्हा जेवणाच्या पदार्थांवर घासाघीस होते. त्याच कागदावर जीवरक्षकाची ओळ घालून घ्यायला मनुष्यबळ विभागाला किती वेळ लागेल? आणि आपण एकेकट्याने बुकिंग करतानाही फोनवर एवढं विचारावं: पुलावर जीवरक्षक आहे का, किती ते किती? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं रिसॉर्ट शोधावं. हा प्रश्न रोज पाच-दहा जणांनी विचारला, तर पुढच्या हंगामात त्याचं उत्तर पॅकेजच्या यादीत छापलेलं दिसेल.