तंबू ठोकण्याआधी

जून महिन्यात आमच्या घरी एक ठराव झाला. जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी कुडपणला जायचं आणि रात्र तंबूत काढायची. ठराव नातवाने मांडला, सुनेने अनुमोदन दिलं आणि मुलाने सामानाची यादी केली. यादी माझ्यापुढे आली, कारण मी बँकेत उभी हयात काढली आहे आणि कागद तपासण्याची खोड निवृत्तीबरोबर सुटत नाही.

यादी सत्तावीस ओळींची होती. भाड्याचे तंबू, विजेऱ्या, कोळशाची शेगडी, डासांचं मलम, गाणी वाजवायला स्पीकरसुद्धा. नाव ठेवायला जागा नव्हती. मी फक्त तारखेखाली लाल रेघ ओढली.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की अर्जदार आपल्या भरभराटीचं चित्र रंगवत असे. आम्ही विचारायचो, धंदा बसला तर काय? सहलीच्या अर्जाला हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

कुडपण हे पोलादपूर तालुक्यातलं, सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या हद्दीलगतचं डोंगरावरचं गाव. तिथे पोहोचायचं ते घाटरस्त्याने. 2021च्या जानेवारीत, म्हणजे कोरड्या दिवसांत, त्या रस्त्यावर लग्नाच्या वऱ्हाडाचा ट्रक दरीत गेला आणि माणसं दगावली. त्याच वर्षी जुलैत काय झालं ते महाड-पोलादपूरकर विसरणार नाहीत. महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला आणि वाहते पोलादपूर-महाडकडे. महाड पाण्याखाली गेलं. 22 जुलैला तळियेवर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही दरडींनी बळी घेतले. आपल्या डोक्यावर आभाळ कोरडं असलं, तरी वर घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस ओढ्याने खाली येतोच. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती अशाच अचानक वाढलेल्या पाण्यात. म्हणून ओढ्याकाठची सपाट जागा कितीही मोहाची वाटली, तरी पावसाळ्यात तिथे तंबू ठोकू नये.

अशा घटनेनंतर जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी हुकूम निघतो. मला तो अर्धवट उपाय वाटतो. हुकमाने माणूस त्या दिवसापुरता थांबतो, पण चहा-भाकरी विकून चार पैसे मिळवणारा गावकरीही त्याच हुकमाने बसतो. आणि अपघात झालाच, तर पहिला दोर घेऊन तोच धावतो. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीला महाबळेश्वरला निघाले होते. त्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली, बसमधला एकच जण वाचला. धो धो पावसात त्या दरीत उतरलेल्यांत आसपासचे गिर्यारोहक तरुण होते. आमच्या सत्तावीस ओळींत अशा माणसांसाठी एकही ओळ नव्हती.

मी ओळखीतून कुडपणमधल्या एका घरचा नंबर मिळवला. फोनवर एक मावशी होत्या.

"पावसात तंबू कुठं लावताय काका? वाऱ्यानं उडून जाईल. आमच्या पडवीत झोपा. पोरं मुंबईला, घर रिकामंच हाय. पण आत्ता नको. दिवाळी होऊ द्या."

तारीख डिसेंबरवर गेली. तंबूवाल्याकडे भरलेला आगाऊ पैसा बुडाला, तो मी निर्लेखित केला; बँकेत याहून मोठ्या रकमा निर्लेखित होताना पाहिल्या आहेत.

मग यादी पुन्हा लिहिली. मावशींच्या अंगणात तंबू, आणि राहण्या-जेवणाचे पैसे ठरवून, घासाघीस न करता. घाट दिवसाउजेडी चढायचा. कोळशाची शेगडी घरीच ठेवायची: थंडीत ती पेटवून तंबू बंद केला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. सुकलेल्या गवतात शेकोटीही नको, एका ठिणगीने वणवा लागतो. साप चावला तर जखम कापायची नाही, करकचून बांधायचं नाही, हातपाय न हलवता रुग्णालय गाठायचं. 108 ची रुग्णवाहिका फुकट असली तरी डोंगर चढून यायला तिला वेळ लागणारच, तेव्हा आपली गाडी तोंड वळवून उभी ठेवायची. परतीची वेळ शेजाऱ्यांना लिहून द्यायची. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी. स्पीकर मी खोडला, त्याला सुरक्षिततेचं कारण नाही. मला तो आवडत नाही, एवढंच.

नातवाने विचारलं, "आबा, डिसेंबरात धबधबा असेल ना?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "असलाच तर बारीक धार असेल."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, मावशींकडे कोंबड्या आहेत का? फोन लावून विचारलं. आहेत.