गाळले, उकळले, पण फ्लोराइड गेले का?



गेल्या महिन्यात स्वाध्याय संपल्यावर एकीने सगळ्यांसमोर आपल्या नातीचे दात दाखवले. "बघा, घासायचा किती कंटाळा!" नऊ वर्षांची पोर ओठ घट्ट मिटून बसली. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. मला माझीच लाज वाटली, कारण वरोऱ्याकडून सुट्टीला येणाऱ्या भाचीच्या लेकीला मी हेच बोलले आहे. मीठ-लिंबू देऊन तिला दात घासायला बसवले आहे. डाग काही गेले नाहीत. पुढे दंतवैद्यांनी सांगितले, हा आळस नव्हे, बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड आहे.

कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असतात, साधारण आठव्या वर्षापर्यंत. त्या काळात पोटात जास्त फ्लोराइड गेले तर दातावरचे कवच कच्चे घडते. म्हणजे डागाचे कारण दात बाहेर येण्याआधीच घडून गेलेले असते. मग घासण्याला दोष कसा देता? मीठ-लिंबाने तर उरलेले कवचही झिजते. आणि याच डागांवरून पुढे मुलीला बघायला आलेले लोक नाक मुरडतात!

आपल्या जामच्या चौफुलीवरून एक रस्ता वरोरा-चंद्रपूरला जातो, दुसरा हिंगणघाटवरून पांढरकवड्याला. चंद्रपूर आणि यवतमाळ या दोन्ही जिल्ह्यांत फ्लोराइडच्या पाण्याची गावे आहेत. आपल्या लेकी-सुना तिकडच्याच. तेव्हा हा दूरचा प्रश्न नाही.

यावर आपल्यातले ठरलेले उत्तर असते, "आमच्याकडे पाणी दुहेरी छन्न्याने गाळून, उकळूनच पितात." बायांनो, गाळणे-उकळणे जीवदयेसाठी आहे आणि ते सोडू नकाच. पण फ्लोराइड हा जीव नाही, पाण्यात विरघळलेला क्षार आहे. तो कापडात अडकत नाही, उकळून मरत नाही. साधा हिशेब मांडा. लिटरला 1.5 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले 10 लिटर पाणी, म्हणजे एकूण 15 मिलिग्रॅम. उकळून 9 लिटर उरले तरी फ्लोराइड 15 च. आता लिटरला 1.67 झाले. भारतीय मानकाप्रमाणे 1 पर्यंत चांगले, आणि दुसरी सोय नसेल तरच 1.5 पर्यंत चालते.

मुनिराजांच्या आहाराला आपण विहिरीचेच पाणी आणतो, कारण जिवाणी परत त्याच पाण्यात सोडता येते. बोअरमध्ये ती नीट सोडता येत नाही. आपल्या भागात फ्लोराइड बहुधा खोल बोअरमध्येच जास्त सापडते, कारण पाणी खडकात दीर्घकाळ राहून त्यातले क्षार घेते. पूर्वजांना फ्लोराइड माहीत होते असा दावा मी करणार नाही. पण सोय म्हणून विहिरी बुजवून आपण बोअर मारले, आणि त्याचे फळ पोरांच्या दातांवर आले.

आता करायचे काय? आधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत फ्लोराइड तपासतात. जास्त निघाले तर पिण्या-स्वयंपाकाला दुसरे तपासलेले पाणी आणा किंवा आरओ बसवा. साध्या कँडल फिल्टरने भागत नाही. आरओत पाणी वाया जाते हा आक्षेप खरा आहे. ते पाणी भांड्यांना, फरशीला वापरा. नागपूरच्या नीरी संस्थेची तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धतही आहे, पण तिला मोजमाप लागते. माठात तुरटी फिरवून ते काम होत नाही. मुलांना दूध, दही, ताक रोज द्या. कॅल्शियम पोटात असले की फ्लोराइड अंगात कमी शोषले जाते. लहानांना पेस्ट वाटाण्याएवढीच द्या आणि ती गिळू देऊ नका.

पडलेला डाग आहाराने जात नाही. त्यासाठी दंतवैद्याकडे जा. पण धाकटे भावंड अजून वाचू शकते.

पाण्यातल्या न दिसणाऱ्या जीवाला आपण जपतो, मग समोर बसलेल्या पोरीला चारचौघांत का दुखवावे? भाचीच्या लेकीला फोन करून मी क्षमा मागितली आहे. तुमच्याही घरात अशी कोणी असेल, तर तिची क्षमा मागायला पर्युषणाची वाट पाहू नका.