फितुरीचे गणित

१२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआयची यंत्रणा देशभर अडखळली आणि खिशात नाणे न बाळगणारा सुशिक्षित नागरिक दुकानदारापुढे ओशाळून उभा राहिला. त्याच साली २० ऑक्टोबरला अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातील संगणक-केंद्रात बिघाड होऊन जगभरच्या असंख्य सेवा बंद पडल्या. अशा प्रसंगी 'तांत्रिक अडचण' या दोन शब्दांवर जनतेने समाधान मानावे काय?

विखुरलेले कार्य संकटातही चालू कसे ठेवावे, हे कुंडलच्या लोकांस कोणी शिकवावयास नको. १९४३ ते १९४६ या काळात सातारच्या प्रतिसरकारचा कारभार अशा गावोगावच्या गटांवर उभा होता. क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे नेते, जी. डी. बापू लाड तुफान सेनेचे सेनानी; परंतु एखादा कार्यकर्ता तुरुंगात गेला म्हणून काम थांबले नाही. पकडला गेलेला सहकारी केवळ गप्प होतो. खरी धास्ती फितुराची. तो एकास एक सांगतो व दुसऱ्यास दुसरेच!

विखुरलेल्या संगणकांबाबत हाच भेद लॅम्पोर्ट, शोस्टाक व पीज यांनी १९८२ मध्ये गणिताने मांडला. निरोपावर सहीशिक्का नसेल, तर एका फितुरास पुरून उरण्यास निदान चार जण हवेत; तिघांत एकमत साधत नाही. नुसता गप्प होणारा एकच असेल, तर तिघे पुरतात.

लॅम्पोर्ट यांनीच पुढे टीएलए प्लस ही भाषा रचली. तीत यंत्रणेचे नियम गणिती वाक्यांत लिहितात. मग संगणक शक्य ते घटनाक्रम तपासून नियम कोठे मोडतो ते दाखवितो. अ‍ॅमेझॉनने २०११ पासून ती वापरली आणि डायनॅमोडीबी या माहितीभांडारातील, ३५ पायऱ्यांनंतरच प्रकट होणारा एक दोष उजेडात आणला. मात्र २०२५ ची गफलत भांडारात नव्हे, तर त्याचा पत्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेत झाली. एका कारकुनी आज्ञावलीने नव्या नोंदीवर जुनी नोंद चढविली, दुसरीने ती शिळी म्हणून पुसली आणि पत्ताच कोरा राहिला. आम्ही शाळेत भाषा शिकवीत होतो, गणित नव्हे. तरी सिद्धता गृहीतकांपुरतीच खरी असते, एवढे आम्हासही कळते.

म्हणून यूपीआय चालविणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने व रिझर्व्ह बँकेने जाहीर करावे, की किती संगणक गप्प झाले तरी व्यवहार चालतील, एखादा असत्य सांगू लागल्यास काय होईल, आणि ही उत्तरे अनुभवावर आधारलेली आहेत की सिद्धतेवर.