‘आपल्याकडं लपवण्यासारखं काय आहे?’ मोबाईलला माहिती असते आपली गरज

मोबाईलवर ठिबकचे दर शोधले की दुसऱ्या दिवसापासून फेसबुक, यूट्यूबवर ठिबकच्याच जाहिराती दिसू लागतात. ट्रॅक्टर पाहिला की ट्रॅक्टर, लग्नाच्या साड्या पाहिल्या की साड्या. “फोन आपलं बोलणं ऐकतोय राव,” ही चर्चा आता पारावर आणि एसटी स्टँडवरही होते. पण काळजी फारशी कुणी करत नाही. “आपण साधी माणसं, आपल्याकडं लपवण्यासारखं काय आहे?” असं म्हणून विषय तिथंच संपतो. खरी गोम याच प्रश्नात आहे.

जाहिरात दाखवायला बोलणं ऐकण्याची गरजच पडत नाही. काय शोधलं, कुठला व्हिडिओ किती वेळ पाहिला, फोन कुठल्या गावात आहे, कुठल्या ॲपला कसली परवानगी दिली, एवढ्यावरून माणसाची बरीचशी ओळख पटते. कंपन्यांना आपल्या गुपितात रस नसतो, त्यांना आपली गरज कळली की पुरे.

गरजेच्या वेळी समोर येणारी जाहिरात

पेरणी तोंडावर आहे, सोसायटीचं कर्ज थकलंय आणि शेतकरी मोबाईलवर ‘तातडीचं कर्ज’ शोधतोय. बँकेत सातबारा, आठ-अ, थकबाकी नसल्याचा दाखला अशी कागदं लागतात. इथं जाहिरात सांगते, पाच मिनिटांत पैसे. ॲप घेताना फोनमधले नंबर पाहण्याची परवानगी मागितली जाते आणि घाईत ती दिलीही जाते. हप्ता चुकला की वसुलीचे फोन मेव्हण्याला, व्याह्याला, सरपंचाला जातात. ‘लपवण्यासारखं काही नाही’ म्हणणारा एकटा असतो, पण त्याच्यासोबत शेकडो जणांचे नंबर जातात. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपना फोनमधले नंबर, कॉलची यादी आणि फोटो-फायली पाहण्यास मनाई केली आहे. त्यामुळं कर्जाचं ॲप नंबर मागत असेल, तर तीच धोक्याची खूण समजावी.

घरात एकच फोन

गावाकडं अनेक घरांत एकच चांगला फोन सगळे वापरतात. सुनेनं दुपारी एखाद्या आजाराची माहिती शोधली, तर त्याच औषधाची जाहिरात रात्री सासऱ्यांच्या भजनाच्या व्हिडिओआधी येऊ शकते. कर्ज, आजारपण, मोडलेली सोयरीक या गोष्टी गावात चार भिंतींच्या आतच ठेवल्या जातात. यालाच खासगीपण म्हणतात, आणि ते साध्या माणसांच्या घरातही असतंच.

अर्थात या जाहिरातींचा फायदाही आहे. तालुक्यातला रोपवाटिकावाला थोड्या पैशात आसपासच्या गावांपर्यंत पोचतो. यूट्यूबवरचं फुकटचं शेतीज्ञानही याच पैशावर चालतं. तक्रार आहे ती न विचारता माहिती घेण्याबद्दल.

कायदा काय सांगतो?

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्यानं, नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संमतीची सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे, आणि दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असं हा कायदा सांगतो. १८ वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यासही त्यात मनाई आहे. पण पोराच्या हातातला फोन वडिलांच्या नावाच्या खात्यावर चालत असेल, तर समोर मूल आहे हे कंपनीला कळणार कसं? आपल्याकडं ही पळवाट मोठी ठरेल.

तोपर्यंत निदान एवढं करता येईल. सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या ॲपला नंबर, लोकेशन, माईकची परवानगी आहे ते पाहावं आणि नको ती बंद करावी. नव्या ॲन्ड्रॉइड फोनमध्ये प्रायव्हसीखालच्या ‘ॲड्स’मध्ये जाहिरातीचा ओळख क्रमांक पुसता येतो. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करावा. बांधावर कुणी अनोळखी माणूस वही घेऊन घरची माहिती विचारू लागला, तर आपण आधी विचारतो, “कशाला पाहिजे?” मोबाईललाही तेच विचारायला हवं.