शाळा वाढवा, पण तळ्याच्या पोटात नको



शाळेला खोल्या कमी पडतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन वर्ग एका खोलीत, तिसरा व्हरांड्यात, प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यामुळे विस्ताराचा प्रस्ताव आला की आपण खूश होतो आणि जागा कुठली, हे विचारायचं राहून जातं. गावाजवळची स्वस्त, मोकळी जागा पुष्कळदा सखल असते. तळ्याचा काठ, नाल्याची कड, नाहीतर पावसाळ्यात पाणी साचतं ते गायरान. मुरमाच्या ट्रिपा टाकल्या की तिथे मैदान तयार!

‘शाळेसाठीच तर आहे’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं. ते दिल्लीतही ऐकू आलं होतं. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. 29 जानेवारी 2025 च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने शाळा, कॉलेजं, वसतिगृहं आणि कारखान्यांच्या शेड यांना त्यातून सूट दिली. मुंबईची ‘वनशक्ती’ ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 5 ऑगस्ट 2025 रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ती सूट रद्द केली. शिक्षण हाही आता भरभराटीचा उद्योग झालाय हे कुणापासून लपलेलं नाही, अशा आशयाचं मत न्यायालयाने नोंदवलं. आपल्याला ते टोचतं खरं, पण खोटं म्हणता येईल का?

आता या निकालाचा जालना जिल्ह्यात उपयोग किती, ते बघू. जरा गणित करा. वीस बाय पंचवीस फुटांची वर्गखोली धरली तर 20,000 चौरस मीटर म्हणजे सुमारे 430 खोल्या. आपल्या तालुक्यांत एवढी शाळा कोण बांधतंय? म्हणजे आपले बहुतेक विस्तार या चाळणीतून सरळ खाली पडतात.

दुसरी चाळणी आहे 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांची. संरक्षित पाणथळ जागेत भराव, अतिक्रमण, कचरा टाकणं यांना मनाई आहे. मागच्या दहा वर्षांच्या सरासरी पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर 2020 मध्ये रामसर यादीत गेलं, त्यामुळे त्याला हे कवच आहे. पण खास पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेले तलाव या नियमांच्या व्याख्येतूनच वगळलेले आहेत. आणि आपला घाणेवाडीचा तलाव तर निजामकाळात जालना शहराला पाणी पुरवायलाच बांधला! ज्याच्या पाण्यावर शहर जगलं, ज्याचा गाळ पुढे लोकांनी राबून काढला, तो या नियमांत बसत नाही. गावोगावच्या पाझर तलावांचंही तेच. पूररेषा, पाटबंधारे खात्याची हद्द वगैरे गोष्टी आहेत, पण त्या कोणीतरी विचारल्याशिवाय कागदावरच राहतात.

विचारणारे आपणच. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा हीच समिती तयार करते. विनाअनुदानित शाळांना ही कलमं लागू नाहीत, तिथे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय काढावा लागेल. सहीपुरती समिती असते हे मान्य, पण निदान या एका विषयाला तरी सही करण्याआधी गाव नकाशा मागवा आणि इमारतीचा नकाशा त्याच्या शेजारी ठेवा. तळ्यात पाणी कुठून येतं ते त्यावर बोटाने दाखवायला सांगा.

कारण तळं मरायला ते बुजवावंच लागतं असं नाही, पाण्याची वाट अडली तरी पुरतं. नवी मुंबईत नेरूळला डीपीएस तलाव आहे. नाव शेजारच्या शाळेवरून पडलं, शाळेचा पुढच्या प्रकाराशी संबंध नाही. खाडीचं पाणी आत यायची वाट बंद झाली, तलाव सुकला आणि 2024 च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मेले. एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. आपल्याकडे वाट म्हणजे नाला, आणि तोच कंपाउंडच्या भिंतीखाली जातो.

संडासाचं पाणी कुठे सोडणार, हेही विचारा. सहाशे मुलांचा शोषखड्डा तळ्याकाठच्या ओल्या जमिनीत कसा चालेल? आणि आडवं पसरण्याऐवजी जुन्या इमारतीवर मजला चढतो का, हे अभियंत्याकडून लेखी घ्या. पायाला पेलत नसेल तर दुसरी उंच जागा शोधायला सहा महिने जास्त लागले तरी हरकत नाही, असं माझं मत आहे.

पाहणी मात्र मे महिन्यात करू नका. उन्हाळ्यात तळ्याचा काठ कुठे संपतो ते कुणालाच कळत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात, चांगला पाऊस होऊन गेल्यावर जा. नववीची मुलं जलसुरक्षा शिकतातच, त्यांनाही न्या आणि पाणी जिथवर आलंय तिथे त्यांच्याकडून चुन्याची रेघ मारून घ्या. मग त्या रेघेवर उभं राहून समितीची बैठक घ्या.